कराचीतील आग, डॉर्टमुंडमधील खटला आणि स्वस्त जीन्सचा ग्राहक

स्वस्त माल विकणाऱ्या मोठ्या साखळी दुकानांतून खरेदी करणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न बहुधा मोघमपणे विचारला जातो आणि त्याला उत्तरही तसेच मोघम मिळते. एक बाजू कामगारांच्या पिळवणुकीकडे बोट दाखवते, दुसरी गरीब ग्राहकाच्या गरजेकडे, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असल्यामुळे चर्चा तिथेच थांबते. म्हणून येथे एकच प्रकरण घेतले आहे. त्यात कारखाना एक आहे, मुख्य खरेदीदार एक आहे आणि दुर्घटना एक आहे. त्यानंतर काय झाले याची सार्वजनिक नोंदही भरपूर आहे. या नोंदीच्या आधारे दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाच्या वाट्याला नेमकी किती आणि कोणती जबाबदारी येते, हे तपासता येते.

घटना

११ सप्टेंबर २०१२ रोजी संध्याकाळी कराचीच्या बलदिया टाऊन भागातील अली एंटरप्रायझेस या तयार कपड्यांच्या कारखान्यात आग लागली. अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. पाकिस्तानच्या औद्योगिक इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना मानली जाते. मृतांपैकी अनेक जण धुराने गुदमरले, कारण खिडक्यांना लोखंडी गज होते आणि बाहेर पडण्याची बहुतेक दारे कुलूपबंद होती. गज वाकवून किंवा उखडून वरच्या मजल्यांवरून उड्या मारणारे काही जण वाचले, पण कायमचे जायबंदी झाले. अनेक कामगार ठेकेदारामार्फत आलेले होते, त्यांना नेमणुकीचे पत्र नव्हते आणि सामाजिक सुरक्षा खात्यात त्यांची नोंदही नव्हती. त्यामुळे आत नेमके किती जण होते हेच आधी कळेना. काही मृतदेहांची ओळख शेवटपर्यंत पटली नाही.

या कारखान्यात जीन्स शिवली जात असे. तिचे मुख्य गिऱ्हाईक होते जर्मनीतील ‘किक’ ही कपड्यांची साखळी.

गिऱ्हाईक

किकची स्थापना १९९४ मध्ये झाली. तिचे मुख्यालय डॉर्टमुंडजवळच्या ब्योनेन या गावात आहे आणि युरोपभर तिची हजारो दुकाने आहेत. डोक्यापासून पायापर्यंतचा पेहराव तीस युरोंच्या आत, अशी तिची जाहिरात असे. अली एंटरप्रायझेसच्या उत्पादनापैकी सुमारे सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक माल आपण घेत होतो, हे कंपनीने मान्य केले. राखेत सापडलेल्या जीन्सवर तिच्याच ‘ओके’ या छापाची लेबले होती.

सत्तर टक्के हा आकडा या प्रकरणाचा कणा आहे. कपड्यांच्या व्यापारात एखादी साखळी शेकडो कारखान्यांकडून माल उचलते, तेव्हा एकेका कारखान्यात तिचा वाटा थोडा असतो आणि ‘आमचे ऐकतो कोण’ हा तिचा बचाव काही अंशी पटण्यासारखा असतो. तीन चतुर्थांशाच्या आसपास माल एकाच ठिकाणी जात असेल, तर मात्र तो खरेदीदार नुसता गिऱ्हाईक राहत नाही. त्याने ऑर्डर काढून घेतली तर कारखाना बंद पडतो, म्हणून त्याने सांगितलेली अट कारखानदाराला मोडता येत नाही. मालकीच्या कागदावर नाव नसले, तरी कारखाना कसा चालावा हे ठरवण्याची ताकद त्याच्याकडे असते.

साखळीच्या दुसऱ्या टोकाचीही एक नोंद येथे जोडली पाहिजे. जर्मनीतीलच आपल्या दुकानांत किक काही कर्मचाऱ्यांना तासाला ५.२० युरो देत होती. त्या वेळी जर्मनीत सर्वांना लागू असे कायदेशीर किमान वेतन नव्हते, ते २०१५ मध्ये आले. तरीही हॅम येथील प्रांतीय श्रम न्यायालयाने २००९ मध्ये ही मजुरी नीतिबाह्य ठरवली. कराचीत जीन्स शिवणारी आणि जर्मनीत तीच जीन्स घडी घालून ठेवणारी, अशा दोघींच्याही मजुरीतून तो स्वस्त भाव काढला जात होता. भाव कमी ठेवण्याचे इतर मार्गही असतात हे खरे आहे: प्रचंड प्रमाणात खरेदी, साधी दुकाने, जाहिरातीवर कमी खर्च. त्या मार्गांत नीतीच्या दृष्टीने आक्षेपार्ह काहीच नाही, आणि स्वस्त साखळ्यांवर टीका करणारे लोक हा भेद बऱ्याचदा करत नाहीत.

प्रमाणपत्र

आगीच्या जेमतेम तीन आठवडे आधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, या कारखान्याला ‘एसए ८०००’ हे प्रमाणपत्र मिळाले होते. कामाच्या जागेची सुरक्षितता, बालमजुरीचा अभाव, कामाचे तास अशा गोष्टी तपासून दिले जाणारे हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते इटलीतील ‘रीना’ या संस्थेने दिले होते आणि प्रत्यक्ष पाहणीचे काम एका स्थानिक संस्थेकडे सोपवलेले होते. किकने स्वतःही या कारखान्याच्या तपासण्या करवून घेतल्या होत्या.

एवढ्या तपासण्या होऊनही कुलपे कुणाच्या नजरेस आली नाहीत, याचे उत्तर भ्रष्टाचार या एका शब्दात देऊन मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते त्याहून अधिक बोलके उत्तर या धंद्याच्या रोजच्या रीतीत आहे. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत तुटलेल्या सुयांची नोंदवही ठेवण्याची पद्धत आहे. मशीनवर सुई तुटली की शिवणाऱ्याने काम थांबवायचे, सुईचे सगळे तुकडे गोळा करायचे आणि ते चिकटपट्टीने वहीत लावून पुढे तारीख, मशीनचा क्रमांक आणि सही टाकायची. जुनी सुई पूर्ण जुळली तरच नवी मिळते. टोकाचा बारीकसा तुकडा सापडला नाही, तर त्या मशीनवरचा माल बाजूला काढून धातुशोधकाखालून जातो. एका लहान मुलाच्या पँटमध्ये सुईचे टोक राहू नये, यासाठी हा सारा खटाटोप असतो. मालाची अंतिम तपासणी तितकीच काटेकोर होते. खोक्यांतून नमुने निवडून टेप लावून कंबर आणि पायाची लांबी मोजली जाते, एका इंचात किती टाके आहेत ते मोजले जाते आणि धुलाईनंतरच्या निळ्या रंगाची छटा मंजूर नमुन्याशी ताडली जाते. ठरलेल्यापेक्षा जास्त दोष निघाले तर सगळी खेप नाकारली जाते.

म्हणजे दूर देशातील कारखान्याच्या आत, मशीनपर्यंत, सुईच्या टोकापर्यंत पाहण्याची शक्ती मोठ्या खरेदीदारांच्या व्यवस्थेत आहे. अंतर, भाषा, उपकंत्राटे ही कारणे त्या वहीच्या आड येत नाहीत. ती दाराच्या कुलपाच्या बाबतीतच पुढे केली जातात. फरक इतकाच आहे की सुई टोचली तर दावा ठोकणारा माणूस जर्मनीत राहतो, त्याला तिथले न्यायालय जवळ आहे आणि तिथला कायदा त्याच्या बाजूने आहे. कुलपामुळे मरणाऱ्याला यांपैकी काहीच नव्हते.

या निरीक्षणामुळे ‘एवढ्या स्वस्तात सुरक्षितता परवडत नाही’ हा युक्तिवादही कमकुवत होतो. बाहेरच्या बाजूला उघडणारे दार, आगीच्या वेळी वापरायचा जिना आणि दर काही आठवड्यांनी घेतलेला बाहेर पडण्याचा सराव यांचा खर्च लाखो नगांवर वाटला, तर एका जीन्समागे तो नगण्य ठरतो. कुलूप उघडे ठेवायला तर खर्चच येत नाही. अशी कुलपे बहुधा माल चोरीला जाईल या भीतीने लावलेली असतात. मजुरी वाढवायची तर विक्रीचा भाव काही प्रमाणात वाढवावा लागेल, हे मान्य आहे. पण दारांचा प्रश्न भावाचा नव्हता. ज्याच्या शब्दाला वजन होते त्याने तो विचारला नाही, आणि विचारण्याची सक्तीही त्याच्यावर नव्हती.

आग लावली गेली होती

हे प्रकरण येथवर सरळ दिसते, पण ते तसे नाही. आधी अपघात समजली गेलेली ही आग खंडणीसाठी लावण्यात आली होती, असा निष्कर्ष पाकिस्तानातील संयुक्त तपास पथकाने पुढे काढला. कारखान्याच्या मालकांकडे पंचवीस कोटी रुपयांची मागणी झाली होती, ती त्यांनी धुडकावली आणि म्हणून आग लावली गेली, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२० मध्ये कराचीच्या दहशतवादविरोधी न्यायालयाने दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. हा दहशतवादी हल्ला होता, त्यामुळे आपल्यावर दोष येत नाही, ही किकची भूमिका सुरुवातीच्या काळानंतर कायम राहिली.

हा बचाव गंभीरपणे घ्यायला हवा. कुणीतरी हेतुपुरस्सर आग लावली असेल, तर खरेदीदाराला आणि त्याच्याही मागे उभ्या असलेल्या ग्राहकाला मारेकऱ्यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. परंतु आग कशी लागली आणि इतकी माणसे का मेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आग शॉर्टसर्किटने लागते, सिगारेटने लागते, वैरानेही लागते. सुरक्षिततेची व्यवस्था असते ती आग कोणत्याही कारणाने लागली तरी माणसे बाहेर पडावीत म्हणून. लंडनमधील ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ या संशोधन गटाने इमारतीची संगणकीय प्रतिकृती तयार करून आगीचा प्रवास अभ्यासला आणि पुरेसे जिने, उघडी दारे आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रणा असती, तर बरेच जीव वाचले असते असे दाखवले. आग लावणाऱ्याचा गुन्हा त्यामुळे कणभरही कमी होत नाही, पण त्याच्या गुन्ह्याने दुसऱ्याची कसूरही पुसली जात नाही.

ग्राहकाचे म्हणणे

आता त्या साखळीच्या दुकानात जीन्स हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे वळू. त्याचा पहिला बचाव ‘मला माहीत नव्हते’ असा आहे आणि ११ सप्टेंबर २०१२ पूर्वीपुरता तो ग्राह्य धरावा लागतो. लेबलावर फार तर देशाचे नाव असते, कारखान्याचे नाव किंवा दाराची अवस्था तिथे लिहिलेली नसते. ज्या तपासणीसाठी तज्ज्ञ नेमले होते त्यांनाच जे दिसले नाही, ते ग्राहकाला दिसायला हवे होते असे म्हणण्यात अर्थ नाही.

त्यानंतरचा काळ निराळा आहे. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या ताझरीन फॅशन्स या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून शंभराहून अधिक कामगार मेले. २४ एप्रिल २०१३ रोजी त्याच शहराजवळच्या सावर येथील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली. या दोन्ही ठिकाणांशीही किकच्या मालाचा संबंध निघाला. जगभरच्या वर्तमानपत्रांत हे छापून आल्यावर अज्ञानाचा बचाव उरत नाही. उरतो तो प्रश्न हा की माहीत असलेल्या माणसाने काय करावे.

सर्वांत सहज सुचणारे उत्तर म्हणजे तिथे पाऊल न टाकणे. हे उत्तर देणाऱ्याला तीन अडचणींना सामोरे जावे लागते. तिथे खरेदी करणाऱ्यांत असे अनेक जण असतात ज्यांना दुसरीकडची खरेदी परवडत नाही, आणि एके काळी तासाला ५.२० युरो मिळवणारी त्या दुकानातील कर्मचारीही त्यांतच येते. तिला नीतीचे पाठ देण्याचा अधिकार, ज्यांना पर्याय आहे अशांना नाही. त्यांनी आपला पर्याय आधी तपासावा. दुसरी अडचण अशी की महाग दुकान म्हणजे स्वच्छ दुकान हे समीकरण टिकत नाही. राणा प्लाझाच्या ढिगाऱ्यातून स्वस्त साखळ्यांच्या लेबलांबरोबर बेनेटनसारख्या महागड्या नावाची लेबलेही निघाली. त्या प्रकरणात स्वस्त साखळी असलेल्या प्रायमार्कने एक कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली आणि ती तुलनेने लवकर दिली, तर बेनेटनने अकरा लाख डॉलर जाहीर केले ते २०१५ मध्ये, मोठ्या जनदबावानंतर. किमतीच्या चिठ्ठीवरून नैतिकता वाचता येत नाही, याहून स्पष्ट पुरावा मिळणे अवघड आहे.

तिसरी अडचण कराचीतील कुटुंबांच्या बाजूने येते. मुख्य गिऱ्हाईकाने अंग काढून घेतले, तर शिवणकामावर जगणाऱ्या वस्तीची रोजी जाते आणि अंग काढून घेणारा मागची देणीही सहज विसरतो. पीडित कुटुंबांनी आपली संघटना उभारली. तिची मागणी भरपाईची आणि जबाबदारी मान्य करण्याची होती. जो खटला त्यांनी पुढे लढवला त्यात बहिष्काराचा मुद्दा नव्हता. दूरच्या कामगारांसाठी काय हिताचे हे ठरवताना त्यांनी स्वतः काय मागितले ते आधी ऐकावे, ही साधी गोष्ट आहे, पण बहिष्काराच्या उत्साहात ती बाजूला पडते.

यावरून ‘मग खुशाल खरेदी करावी’ असा निष्कर्ष मी काढत नाही. कमी भावाचा फायदा ग्राहकाच्या खिशात पडलेला असतो, तो त्याने मागितलेला नसला तरी. त्या फायद्याने तो गुन्हेगार ठरत नाही, पण त्या व्यवहारात त्याचा हात आहे, आणि तेवढ्यापुरता तो मागे काय घडले याचा हिशेब विचारण्यास बांधील आहे. दुकान कोणते निवडायचे हा त्या बांधिलकीचा सर्वांत छोटा आणि सर्वांत कमी परिणामकारक भाग आहे. एका माणसाने न घेतलेली जीन्स त्या साखळीच्या हिशेबात दिसतही नाही. तोच माणूस त्या देशाचा मतदार असतो, कामगार संघटनेचा किंवा ग्राहक संस्थेचा सभासद असतो, आणि सुईची वही ज्या कायद्याच्या धाकामुळे ठेवली जाते तसाच धाक दाराच्या बाबतीत निर्माण करणे त्याच्या संसदेच्या हाती असते. ज्यांच्याकडे पैसा आहे आणि वेळही आहे, अशा ग्राहकांवर हे काम अधिक पडते.

डॉर्टमुंड

दुर्घटनेनंतर किकने दहा लाख डॉलरची तातडीची मदत दिली. दीर्घकालीन भरपाईवर वाटाघाटी रेंगाळल्या. मार्च २०१५ मध्ये एक जखमी कामगार आणि मृतांचे तीन नातेवाईक अशा चौघांनी डॉर्टमुंडच्या न्यायालयात किकविरुद्ध दावा दाखल केला आणि प्रत्येकी ३०,००० युरो मागितले. बर्लिनमधील मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांच्या एका संस्थेने त्यांना साथ दिली. परदेशी पुरवठादाराच्या कारखान्यातील सुरक्षिततेबद्दल जर्मन विक्रेत्याला जर्मन न्यायालयात उत्तर द्यावे लागते का, हा प्रश्न अशा प्रकारे तिथे प्रथमच उभा राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने आपल्याला हा दावा ऐकण्याचा अधिकार असल्याचे मान्य करून वादींना कायदेशीर खर्चासाठी साहाय्य मंजूर केले. पुढच्याच महिन्यात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मध्यस्थीने, किकने ५१.५ लाख डॉलर देण्याचे कबूल केले. या रकमेतून जखमींना आणि मृतांच्या वारसांना निवृत्तिवेतनासारखी नियमित रक्कम मिळण्याची व्यवस्था झाली. तारखांचा हा क्रम योगायोगाचा आहे असे मला वाटत नाही, मात्र कंपनीने ही रक्कम कोणतीही कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता दिली.

१० जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला. नुकसान पाकिस्तानात झाले असल्यामुळे युरोपीय नियमांनुसार तिथलाच कायदा लागू होत होता आणि त्या कायद्यानुसार दाव्याची मुदत टळून गेली होती. वरिष्ठ न्यायालयातही वादींना दिलासा मिळाला नाही. सत्तर टक्के माल उचलणाऱ्या खरेदीदाराची जबाबदारी किती, या मूळ प्रश्नावर न्यायालयाने काहीच ठरवले नाही.

तरी प्रकरणाचा परिणाम झाला. जर्मनीत पुरवठा साखळीविषयीच्या कायद्याची मागणी जोर धरू लागली तेव्हा कराचीचे उदाहरण वारंवार दिले गेले, आणि २०१९ च्या अखेरीस अशा कायद्याला पाठिंबा देणाऱ्या कंपन्यांत खुद्द किकही होती. नियम सर्वांना सारखे असले तर सचोटीने वागणारा स्पर्धेत मार खात नाही, हा त्यामागचा व्यापारी हिशेब समजण्यासारखा आहे. २०२१ मध्ये कायदा संमत झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला. पुरवठादारांकडील धोके शोधणे, ते टाळण्यासाठी पावले उचलणे आणि तक्रारीची सोय ठेवणे त्याने बंधनकारक केले. कसूर झाल्यास सरकारी खाते दंड करू शकते. पीडिताला मात्र या कायद्याने भरपाई मागण्याचा नवा हक्क दिला नाही. तो मुद्दा विधेयकावरच्या ओढाताणीत गळाला. बांगलादेशात २०१३ पासून लागू असलेला, कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यातील बंधनकारक सुरक्षा करार पाकिस्तानपर्यंत पोहोचायला २०२३ उजाडले.

भरपाईच्या हक्काचा मुद्दा २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या पुरवठा साखळीविषयीच्या निर्देशात, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमांत, पुन्हा आला. दाव्यासाठी किमान पाच वर्षांची मुदत असावी, अशी तरतूद त्यात होती. डॉर्टमुंडचा दावा आगीनंतर अडीच वर्षांनी दाखल झाला होता, म्हणजे या मुदतीत तो सहज बसला असता. २०२५ पासून हा निर्देश सौम्य करण्याच्या हालचाली सुरू झाल्या, त्यांत भरपाईच्या दाव्यांविषयीच्या तरतुदींवरही घाला आला. स्वस्त जीन्स घेणाऱ्या युरोपीय ग्राहकाला आपल्या लोकप्रतिनिधीला काही विचारायचे असेल, तर ते याच कलमांबद्दल विचारता येईल.